मॅडमच्या सुरकुत्या

दुबईतल्या आमच्या कॉलेजात शिल्पांचा इतिहास शिकवणाऱ्या मॅडम कुणालाही भेटल्या की आधी त्याच्या कपाळावरचे केस बघायच्या. रोमन सम्राट ऑगस्टसचे पुतळे कपाळावरच्या बटांवरून ओळखतात, त्यातून लागलेली ही सवय. ऑगस्टस म्हातारा होऊन मेला, पण दगडात शेवटपर्यंत तरुणच राहिला. "चेहरा सुंदर आहे का, ते नंतर. तो इथे कुणी पाठवला, ते आधी विचारा," असं त्या म्हणायच्या.

माझे बाबा दुबईपलीकडच्या फुजैराच्या बंदरात क्रेन चालवतात. घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. पुतळा म्हणजे जयंतीला हार घालायची गोष्ट, असं मी वर्गात बोलून गेले. मॅडम हसल्या नाहीत. "बरोबर आहे तुझं. हार घालायला कोण लावतं, तेवढंच बघायचं."

मग कळलं की पुरेशा मुलांनी नावं दिली नाहीत तर पुढच्या सत्रात हा विषय बंद. विषय बंद म्हणजे मॅडमची नोकरी, व्हिसा आणि त्यांच्या नवऱ्याचा, म्हणजे काकांचा, इन्शुरन्सही बंद. काकांचं डायलिसिस त्या इन्शुरन्सवरच चालू होतं.

श्रीवर्धनकडची माझी मैत्रीण रेहाना विषयाच्या जाहिरातीचं पोस्टर करायला बसली. मॅडमचा फोटो तिने पार गुळगुळीत केला. "मॅडम, सुरकुत्या खलास!"

"परत घाल गं त्या. नीरोनंतर आलेल्या व्हेस्पेशियन सम्राटाने स्वतःच्या सुरकुत्या, टक्कल, सगळं कोरून घेतलं होतं. मी उधळ्या नीरोसारखा नाही, साधा माणूस आहे, हे लोकांना दाखवायला. तोही प्रचारच, पण मला चालेल."

"यल्ला, चला, मग टक्कलपण करू?" रेहाना म्हणाली.

मॅडम डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पोस्टर लागलं, पण नावं येईनात. मॅडम कॅन्टीनमध्ये टेबलाटेबलाशी जाऊ लागल्या. मुलं "सॉरी मॅम" म्हणून फोनमध्ये बघायची. अल बर्शाच्या मॉलमध्ये एका मुलाची आई म्हणाली, "पुतळे शिकायला का आलो आपण दुबईत?" मॅडमकडे उत्तर असणार, असं मला वाटलं. त्यांनी त्या बाईंचा हात धरला आणि नुसतं "प्लीज" म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना.

नावं द्यायच्या शेवटच्या दिवशी त्या सकाळीच रेहानाशेजारी येऊन बसल्या. "बाळा, तो पहिला गुळगुळीत फोटो आहे का अजून? तोच लाव. आणि केस काळे कर." रेहानाने फोटो उघडला आणि केस काळे करायला घेतले.

संध्याकाळी विषय बंद झाल्याची मेल आली.

त्या काकांना घेऊन सोलापूरला निघाल्या, तेव्हा आम्ही त्यांच्या घरून सामान खाली उतरवायला गेलो होतो. काकांना टॅक्सीत नीट बसवून त्या माझ्याकडे वळल्या. "तू आता अकाउंट्स घे. बाबांना बरं वाटेल."

"मला हेच शिकायचंय, मॅडम."

"कुणाकडे?" त्यांनी विचारलं. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं. मी हातातली शेवटची पिशवी आत ठेवली, आणि टॅक्सीवाल्याने डिकी लावली.