घर नंबर सत्तावीस-अ

माझ्या बायकोच्या मामांइतका घरकोंबडा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात नव्हता, आणि त्यांच्याइतका हिंडलेलाही नव्हता. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असायचं कारण एवढंच, की मामा घराबाहेर पडतच नसत. निघाले की घरच घेऊन निघत. मूळचे सावंतवाडीकडचे, पण जन्म गेला तो इकडच्या खाणीवर ट्रकांची इंजिनं खोलण्यात. निवृत्त झाल्यावर त्यांनी कामगारांची ने-आण करणारी एक भंगारात निघालेली मिनीबस विकत घेतली आणि दीड वर्ष अंगणात ठाकठोक करून तिच्यात पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, देव्हारा आणि मागच्या बाजूला डब्यातली तुळससुद्धा बसवली. राहत्या घराचा नंबर सत्तावीस, म्हणून बसच्या दारावर त्यांनी स्वतःच्या हाताने '२७-अ' रंगवलं. तिला गाडी म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे.

डिझेल भरायला थांबले, तरी पंपावरच्या माणसाला ते 'घराक तेल व्हया' असंच सांगत. एकदा रस्त्यात पोलिसाने अडवून आत काय आहे असं विचारलं, तर मामा शांतपणे म्हणाले की आत बायको भात शिजवते आहे आणि वेळ असेल तर जेवून जा. पोलीस जेवून गेला. आत जायचं तर दारावर टकटक करायची आणि चपला बाहेर काढायच्या, हा नियम घरच्या माणसांनाही लागू होता. स्वतः मामा मात्र खुशाल चपला घालून गाडी चालवत. विचारलं तर म्हणत, ड्रायव्हरची सीट अंगणात धरायची असते. मी कोल्हापूरकडचा जावई, नवा होतो तेव्हा मला या सगळ्याचा वैतागच यायचा.

मामी केरीच्या, समुद्राकाठच्या. गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि कोकणी की मराठी यावरून चांगली चांगली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली होती. मामांच्या घरात मात्र मामा मालवणीत भांडत, मामी कोकणीत, आणि तीस वर्षांत एकाही शब्दाचा अर्थ कुणाला विचारावा लागला नव्हता. त्यात मामी पडल्या, खुबा मोडला आणि त्या कायमच्या चाकांच्या खुर्चीत बसल्या. तेव्हापासून तीन वर्षं त्या माहेरी गेल्या नव्हत्या. भावाचं घर माडांपलीकडे, वाळूत. तिथे खुर्चीची चाकं रुतत. उचलून न्यायला भाऊ एका पायावर तयार होता, पण मामींनी त्याला एकाच वाक्यात गप्प केलं होतं.

"उखलून व्हरपाक हांव नारळांचें पोतें न्हय."

बसमधली शेगडी एवढी बुटकी का, आणि खिडकी एवढी खाली का, म्हणून आम्ही मामांची खूप थट्टा केली होती. मामा नुसतेच 'माप बरोबर आसा' म्हणत. बस पुरी झाली आणि त्यांनी जाहीर केलं की रविवारी सगळ्यांनी केरीला जायचं. मी आणि बायको पहाटेच हजर झालो. मामींची खुर्ची लाकडी फळीवरून थेट शेगडीपाशी गेली, आम्ही नियमाप्रमाणे अंगणात चपला काढून आत बसलो, मामांनी फळी आत ओढून घेतली आणि घर निघालं. शिवोलीला फेरीबोटीत उतरायला गेलो तेव्हा कळलं की आम्हा दोघांच्या चपला डिचोलीच्या अंगणातच राहिल्या आहेत. मामांना त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही. "चपले घराकडेच आसत. हरवले खंय?" असं म्हणून ते नदी बघत राहिले.

केरीला सुरूच्या झाडांखाली मामांनी पाऊण तास मागेपुढे करून बस लावली. मग माझ्या लक्षात आलं. खुर्चीत बसलेल्या मामींच्या नजरेला नजर देऊन, त्या बुटक्या खिडकीत, अख्खा समुद्र उभा होता. मामींनी शेगडी पेटवून चहाचं आधण ठेवलं. भाऊ आला, वहिनी आली, शेजारीपाजारी आले. सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या, आणि मामी आपल्या घरात बसून माहेरच्या माणसांना चहा आणि उंडे पाव देत राहिल्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निघायच्या वेळी वहिनी तांदूळ, नारळ आणि खण घेऊन ओटी भरायला आली. मामींनी पदर पुढे केला आणि मधेच मागे घेतला. चेहरा एकदम उतरला.

"हांव माज्या घरांत बसल्यां," त्या हळूच म्हणाल्या. "माहेराक खंय आयल्यां? ओटी कशी घेवं?"

वहिनी ताट धरून तशीच उभी राहिली. मामा पुढे ड्रायव्हरच्या सीटवर होते. ते उतरले, वळसा घालून मागच्या दाराशी आले आणि पायांतल्या चपलांसकट आत चढले. वाळूचे ठसे उमटवत शेगडीपर्यंत गेले.

"ह्या घर न्हय गो," ते म्हणाले. "गाडी आसा. तू म्हायराक इलंस. घे ओटी."

मामींनी पदर पसरला. वहिनी रडत होती, माझी बायको रडत होती.

मामी गेल्याला आता चार वर्षं झाली. बस अंगणातच उभी असते. मामा दुपारचे तिच्यात जाऊन पडतात, आणि दारावरचा नंबर पुसट झाला की पुन्हा रंगवतात. परवा गेलो तेव्हा शेगडीपाशी बसून मी केरीची आठवण काढली. म्हटलं, मामा, त्या दिवशी तुम्ही हिला गाडी म्हणालात. ते खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर नुसती कुंपणाची भिंत होती. मग त्यांनी विचारलं, "चपले भायर काढलात मां?"

काढल्या होत्या.