डिमर म्हणजे आपत्ती

बाबा विमा कंपनीत. त्यांची सांगलीहून जयपूरला बदली झाली, तेव्हा मी परदेशी शिक्षणासाठीच्या इंग्रजी परीक्षेत एकदा आपटले होते. तिथे विचारतात ते शब्द इंग्रज तरी बोलत असतील का, देव जाणे. जयपूरला झोटवाड्यातल्या घरात कूलरच्या घरघरीत मी ते घोकायचे आणि रडायचे. सकाळी पाठ केलेला शब्द दुपारी ओळखसुद्धा दाखवायचा नाही. बाबांनी बजावलं होतं, "यंदा शेवटचं. नाहीतर स्थळं बघायची."

चौडा रास्ता बाजारातून आणलेल्या शब्दांच्या पुस्तकात अर्थ हिंदीत होते. हिंदी काय, समजतंच की, असा आमचा तोरा! आई पुस्तक डब्याला टेकवून कणीक मळता मळता विचारायची.

"डिमर?"

"नाही आठवत गं!"

"आपत्ती. म्हणजे संकट. सोप्पं तर आहे."

परीक्षेत नेमका तोच शब्द आला. हरकत, संकट, दोन्ही पर्याय इंग्रजीत समोर होते. मी खुशीत संकट निवडलं.

गुण तिथेच पडद्यावर दिसले. कमी होते. बाहेर एका जयपूरच्या मुलीला मी डिमरचा अर्थ विचारला.

"आपत्ति," ती म्हणाली. "मतलब, ऑब्जेक्शन."

हिंदीत आपत्ती म्हणजे हरकत! आईनं आणि मी मिळून असे आणखी किती शब्द चुकीचे पाठ केले असतील? भर उन्हात फुटपाथवर बसून मी हमसाहमशी रडले. सगळं संपलं असंच वाटत होतं.

घरी आल्यावर सगळं सांगितलं. आईचे पिठाचे हात परातीतच थांबले.

"म्हणजे मीच बुडवलं तुला," ती म्हणाली.

बाबांनी पेपरची घडी घातली. "झालं ते झालं. आता परीक्षा बंद. रविवारी सांगलीला फोन करतो, एक स्थळ आहे."

बाबांच्या कुठल्याही निर्णयावर आईनं कधी हूं का चूं केलं नव्हतं. बदली झाली तेव्हाही मुकाट्यानं सामान बांधलं होतं. ती हात न धुताच बाहेर आली.

"आय डिमर," ती म्हणाली.

"काय?" बाबांनी विचारलं.

आई म्हणाली, "म्हणजे माझी हरकत आहे."