प्योनबाईंचे शहाण्णव मार्क

आमच्या शाळेत ऑनलाइन प्रशिक्षण कसं करतात ते सांगते. पडद्याच्या कोपऱ्यात व्हिडिओ लावायचा, आवाज बंद करायचा आणि पेपर तपासता तपासता मधूनमधून 'पुढे' दाबायचं. शेवटच्या परीक्षेची उत्तरं ग्रुपवर येतातच. कुणी रजेवर असलं तर शेजारची बाई तिचंही दाबून टाकते. याला आमच्या येसान गावात लबाडी म्हणत नाहीत, शेजारधर्म म्हणतात.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या प्योन मुन-सुकबाई तेवढ्या वेगळ्या. अठ्ठावन्न वर्षांच्या, गणित शिकवणाऱ्या. टॅबलेटवरची नवी पुस्तकं येणार म्हटल्यावर त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरून खणात ठेवला. मला म्हणाल्या, "या पुस्तकांचं प्रशिक्षण जमलं तर अर्ज फाडते, नाहीतर देऊन टाकते. पोरांपुढे बावळट दिसायचं नाही मला."

मग कानाला हेडफोन लावून, व्हिडिओ थांबवत थांबवत, त्या सगळं वहीत पेन्सिलीने उतरवायच्या. तीसपैकी एकोणीस धडे झाले होते.

"बाई, नुसतं दाबा हो. कोण विचारतंय?"

"तू दाब. तुला येतं सगळं."

मला काहीही येत नव्हतं.

नोव्हेंबरात त्या बहिणीकडे वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला गेल्या. मुदत शुक्रवारी संपत होती आणि त्या सोमवार समजून बसल्या होत्या. मी फोन केला, उचलला नाही. हात मिरचीने माखलेले असणार. त्यांचा संगणक चालूच होता. कॉफी पिता पिता मी अकरा धडे दाबले आणि ग्रुपवरची उत्तरं टाकली. शहाण्णव मार्क पडले.

सोमवारी बाईंनी माझ्यासाठी आणलेला किमचीचा डबा टेबलावर ठेवला, आणि पडदा पाहिला.

"हे कुणी केलं?"

"मी. मुदत संपत होती ना, बाई."

"बरं केलंस," म्हणाल्या. आवाज एकदम सपाट.

दुपारच्या बैठकीत मुख्याध्यापक म्हणाले, "सगळ्यांत जास्त मार्क प्योनबाईंना! तरुणांनो, लाज वाटू द्या जरा." टाळ्या पडल्या. "बाई, आता आमची शिकवणी घ्या," मागून कुणीतरी ओरडलं. बाईंनीही टाळ्या वाजवल्या.

टेबलाशी येऊन त्यांनी खण उघडला, अर्ज काढला.

"फाडताय ना? जमलं की शेवटपर्यंत," मी म्हटलं.

"एकोणिसाव्या धड्याच्या चाचणीत मला एकसष्ट पडले होते," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा बावन्न, मग एकसष्ट. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं होतं गं मी."

"उरलेले धडे अजूनही बघता येतील, बाई."

"येतील की. पण कशाला? इथे माझे शहाण्णव झालेत."

अर्जावर त्यांनी तारीख घातली आणि कार्यालयात नेऊन दिला.

मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. माझ्या पडद्यावर माझं पुढचं प्रशिक्षण चालू होतं. व्हिडिओ संपला होता. मी 'पुढे' दाबलं.