वर केलेले हात

साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी कारकून होतो. पुण्याला जाऊन फुटबॉल शिकवण्याचं सहा आठवड्यांचं सर्टिफिकेट घेऊन आलो आणि ते फ्रेम करून खुर्चीमागं टांगलं. त्यावर माझा फोटो होता. हजेरीला आलेला नवा कामगार वर बघायचा आणि हळूच विचारायचा, "कधी गेले?"

त्या हंगामात जिल्ह्याच्या स्पर्धेत फायनलपर्यंत आमच्या कारखान्याच्या टीमवर एकही गोल झाला नाही. ही माझ्या शिकवणीची करामत, असं मी कँटीनपासून चेअरमनच्या बंगल्यापर्यंत सगळीकडं सांगितलं. माझा त्यावर विश्वासही होता. करामत करणारा मात्र आमचा मधला बॅक होता. पाथर्डीकडचा, हंगामी कामगार. फाटकापाशी उसाच्या बैलगाड्या रांगेत उभ्या करणं हे त्याचं काम. वजनकाट्यावर आधी पोचायला प्रत्येक गाडीवान टपलेला असायचा आणि कोण मध्ये घुसणार हे याला बैल वळायच्या आधीच कळायचं. तो नुसता आडवा उभा राहायचा. मैदानावरही तेच करायचा, एवढाच फरक की समोर बैल नसायचे.

"पायाकडं बघू नगा सायेब," एकदा त्यानं मलाच शिकवलं. "पाय लई फसवत्यात. कमरंकडं बघायचं."

"पुस्तकात तसं नाही," मी म्हणालो. खरं तर पुस्तकात तसंच होतं. मी ते पान वाचलं नव्हतं.

चेअरमननी जाहीर केलं होतं, कप आणा, गोल अडवणाऱ्या मागच्या चौघा हंगामींना कायम करतो. बाकीच्या तिघांनी ते हसण्यावारी नेलं. यानं नेलं नाही. त्याची बायको टोळीत ऊस तोडायची, तान्ह्या पोरीला बांधावर झोळीत टाकून. "कायम झालो की तिच्या हातातला कोयता सुटंल," एवढंच तो म्हणाला, आणि पुन्हा कधी विषय काढला नाही.

फायनल नगरला, लष्करी छावणीतल्या टीमशी. हाफ टाइमला शून्य-शून्य. चहा घेताना त्यांचे सुभेदार साहेब माझ्याकडं आले. मी सर्टिफिकेटच्या फोटोतल्यासारखी छाती काढली. ते म्हणाले, "तुमचा मधला बॅक काय माणूस आहे हो! कुणी शिकवलं म्हणून असं येत नाही."

मी अर्धा चहा तसाच ठेवला.

मी चौघांना बोलावलं. पुण्यात शिकलेला ऑफसाइडचा सापळा अजून वापरलाच नव्हता. सांगितलं, "मी शिट्टी वाजवली की चौघांनी एकदम पुढं पळायचं आणि हात वर करायचे. त्यांचा माणूस मागं एकटा सापडतो, लाईन्समन झेंडा दाखवतो, गोल बाद, संपलं."

"आन् झेंडा न्हाई दाखवला तर?" त्यानं विचारलं.

"कोच कोण आहे?"

"तुमीच की," तो म्हणाला आणि मैदानात गेला.

मॅच संपत आली तेव्हा मी शिट्टी वाजवली. तो क्षणभर जागेवरच थांबला. नजर समोरच्याच्या कमरेवर होती. मी पुन्हा वाजवली, गालफडं दुखेपर्यंत. मग तोही पळाला. दरोडेखोरांनी गाठल्यासारखे चौघं हात वर करून उभे, आणि त्यांच्या मागून तो फॉरवर्ड वरातीत चालावं तसा निवांत जाऊन गोल करून आला. लाईन्समन झेंडा काखेत धरून तंबाखू मळत होता.

कपाविना परतताना जीपमध्ये चेअरमननी विचारलं, "चुकलं कुठं?"

मागच्या बाकावर तो बसला होता. मी म्हणालो, "शिकवलेलं यांच्या डोक्यात शिरत नाही, साहेब. ऐन वेळी मधला थबकला."

तो मागं पडणारा रस्ता बघत राहिला. मला वाटलं होतं बोलेल. बोलला असता तर मी निदान भांडलो असतो.

हंगाम संपला, चौघंही घरी गेले. मी आधीपासून कायम होतोच.

पुढच्या वर्षी दुष्काळ पडला. एसटीनं पाथर्डीकडं जाताना गाडी एका दुष्काळी कामापाशी थांबली. रस्त्यात लाल फडकं घेऊन एक माणूस हात वर करून उभा होता. रोलर जाईपर्यंत गाड्या अडवायचं काम त्याला मिळालं होतं. कडेला बायका खडी फोडत होत्या. त्यातली त्याची बायको कुठली, ते मी बघितलं नाही. तो खिडकीशी आला.

"टीम हाय का अवंदा, सायेब?"

"आहे."

"मागं कोन हाय?"

"बघू. तयार करतोय एकाला."

त्यानं मान डोलावली, फडकं खाली केलं आणि गाडी सोडली.

"वळखीचा का?" कंडक्टरनं विचारलं.

"आमचा बॅक होता," मी म्हणालो. आणि तोंडातून निघून गेलं, "मीच शिकवलाय त्याला."