किल्ल्याची फ्रेम

किस्से काय, जमवावे लागत नाहीत. तीन बायका रोज दुपारी एका खोलीत बसल्या, की दिवाणाच्या फटीत हेअरपिना साचतात तसे ते आपोआप साचतात. हात घातला की एक निघतो आणि त्याला अडकून दुसरा.

इथे हिंदी मुलखात, आमच्या सोनागिरी कॉलनीतल्या घरात, हॉलमध्ये एक फ्रेम आहे. बर्फातल्या कुठल्याशा परदेशी किल्ल्याचं पझल, हजार तुकडे जोडून केलेलं. आलेला माणूस आधी फ्रेमकडे बघतो, मग माझ्याकडे बघतो, मग विचारतोच. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते. शाळा माझी चौथीपर्यंत. चुका सापडतील. सापडल्या तर आपल्याजवळ ठेवा!

* * *

गेल्या वर्षी मला लकवा मारला. उजवा हात लटकला आणि जीभ जड झाली. जीभ जड झाल्याचं कळलं तेव्हा आमच्या लाइनीतल्या अर्ध्या लोकांनी नारळ फोडला असेल!

स्वयंपाकाचं मला दुःख नव्हतं. यांनी कुकर लावायला शिकून घेतलं. दुःख झालं ते बँकेत. सही जुळेना, तेव्हा काउंटरवरच्या पोराने शाईचा पॅड पुढे सरकवला. "आंटी, अंगूठा लगा दो."

पोरगा चांगलाच होता, खुर्चीसुद्धा दिली त्याने. पण माझ्या आईचा जन्म अंगठा लावण्यात गेला. मला शाळेत ओढत नेलं ते तिने एवढ्याचसाठी. मी अंगठा लावला. घरी येऊन साबणाने घासला, मग घासणीने घासला. शाई गेली, पण मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. यांना वाटलं, जीभच बंद पडली!

* * *

डॉक्टर म्हणाले, चिमटीत छोट्या वस्तू उचला. मी राजमा उचलला, बटणं उचलली, कंटाळून फेकून दिली. तेव्हा पुण्याहून सुनेने हे पझल पाठवलं. मी म्हटलं, मी काय बालवाडीत आहे?

समोरच्या जोशीवहिनी रिटायर्ड मास्तरीण. त्यांनी डबा उघडला आणि नियमच करून टाकला. "शोधायचं कुणीही. ठेवायचं फक्त सुमनने. उजव्या हाताने."

"आणि डाव्याने ठेवलं तर?"

"तर उचलून परत डब्यात!"

खालच्या मजल्यावरच्या शबानाआपा शिलाई करतात. मशीन बंद करून त्याही रोज वर यायला लागल्या.

* * *

एकदा आपांना आभाळाचा एक तुकडा सापडला. मी तो कसाबसा ठेवला, पण बसेना. आपांचा धीर सुटला. कॉलर बसवावी तशी त्यांनी वरून दणकन मूठ मारली. अख्खं आभाळ सुटं झालं!

आणि माझ्या तोंडून आजारानंतरचं पहिलं न अडखळलेलं वाक्य बाहेर पडलं. ते इथे लिहिता येणार नाही.

आपांनी उठून मला मिठीच मारली. "माशाअल्लाह! गाली एकदम साफ निकली!"

वहिनींनी कानावर हात ठेवले होते. पण साखर त्यांनीच वाटली.

* * *

पझल दिवाणावर, प्लायवर मांडलेलं होतं. त्यामुळे चार महिने हे खाली सतरंजीवर झोपले. हे म्हणजे कारखान्यातून रिटायर झालेले फिटर. जन्म विजेच्या मोठमोठ्या मोटारी जोडण्यात गेला. बोलणं जवळजवळ नाहीच. आमच्या संसारात माझं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे, "मीठ बरोबर आहे."

पझल पूर्ण झालं त्या दिवशी दिवाणापाशी आले. वाकून पाहिलं. म्हणाले, "आता दिवाण मिळेल?"

* * *

मग प्रश्न आला चिकटवायचा. वहिनी म्हणाल्या, वरून डिंक फासायचा. आपा म्हणाल्या, "नईं, चमक खराब हो जाएगी. पीछे से कपड़ा चिपकाओ, जैसे कॉलर के अंदर कड़क बकरम."

पण मागून चिकटवायचं म्हणजे अख्खा किल्ला उलटा करायचा! तिथे हे पुढे आले. वरून दुसरी प्लाय ठेवली, चारी बाजूंनी क्लँप आवळले आणि कारखान्यात क्रेन हलताना ओरडतात तसे ओरडले, "बाजूला व्हा सगळे!"

आम्ही तिघी स्वयंपाकघरात पळालो. भाकरी उलटावी तसा किल्ला उलटला. एक तुकडा हलला नाही!

वरची प्लाय काढली तर सगळं करडं. ना किल्ला, ना बर्फ, ना आभाळ. आपांनी त्यावरून हात फिरवला. "देखो तो. पीछे से कित्ता सीधा-सादा लगता है. और आगे से जान ले ली इसने!"

* * *

माझी नणंद आली. फ्रेमवाल्याकडे जायचं होतं ते पझल तिने गोल फिरून पाहिलं.

"छान आहे गं. पण असं अख्खं चित्र बाजारात मिळतं की! आधी तुकडे कशाला करायचे?"

मी तोंड उघडायच्या आत वहिनी म्हणाल्या, "बाजारात पोळ्यासुद्धा मिळतात. तुम्ही आज इथे जेवणार आहात ना?"

नणंदेने ताट पुढे ओढलं. या दोघींचे उपकार मी फेडणार नाही. फेडले तर यायच्या बंद होतील.

* * *

आनंद नगरातल्या फ्रेमवाल्याचा धंदा दोनच गोष्टींवर चालतो. देव आणि गेलेली माणसं. किल्ला पाहून तो म्हणाला, "इसमें भगवान किधर हैं?"

"नाही आहेत."

"तो किसकी याद में है?"

"कुणाच्याच नाही!"

"तो फिर फ्रेम काय के लिए?"

वहिनींनी त्याला पाच मिनिटं समजावलं. त्याने मान डोलावली. आम्हाला वाटलं, समजलं.

* * *

फ्रेम आणायला आम्ही सगळेच गेलो. हेही आले, कारण उचलायला माणूस हवा. फ्रेम सुरेख झाली होती. काच लख्ख, लाकूड गडद. फक्त वरच्या पट्टीला, समोरच्या बाजूने, दोन पितळी हुक होते.

"हे कशाला?"

"माला के लिए, आंटी. सबमें लगाते हैं."

"अरे, किला अभी ज़िंदा है!" मी अशी ओरडले, की बाहेर चहा पिणारे आत डोकावले. आपा हसून हसून स्टुलावर बसल्या.

फ्रेमवाल्याने कान पकडले. "निकाल देता हूँ. पहले पीछे नाम डाल दो. फ्रेमें बदल जाती हैं, तो हम सबसे नाम डलवाते हैं." त्याने फ्रेम पालथी केली. मागे खाकी कागद डकवलेला. जाड मार्कर पुढे केला.

मार्कर वहिनींनी घेतला. मला वाटलं, त्याच लिहितील. त्यांनी टोपण काढलं आणि तो माझ्या उजव्या हातात दिला. आपाही हसायच्या थांबल्या.

मी लिहिलं. सु मोठा आला, मन बारीक. वसंत उताराला लागला. ढोबळेमधला ळ काढताना हात अडला, मी परत टेकवला, परत काढला. पण पूर्ण नाव लिहिलं. सुमन वसंत ढोबळे. कागद फाटला नाही.

फ्रेमवाल्याने हुक काढायला पक्कड उचलली. तेव्हा हे दुकानात पहिल्यांदा बोलले. "हुक रहने दो."

मला वाटलं, घरी जायची घाई.

* * *

संध्याकाळी यांनी भिंतीला ड्रिल मारलं. लेव्हल लावून तिच्या नळीतला बुडबुडा मधोमध आणला. मी आत चहा टाकला होता. कप घेऊन बाहेर आले तर भिंतीवर खाकी कागद. किल्ला भिंतीकडे तोंड करून! माळेचे हुक खिळ्यांना अडकवलेले.

"अहो, उलटी लागली!"

यांनी बुडबुडा पाहिला. "बरोबर आहे."

दुसऱ्या दिवशी मी वहिनींना बोलावून फ्रेम सुलटी करून घेतली. सकाळी उठले तर परत खाकी कागद. मग मात्र मी चिडले. लोक येतात, हसतील, एवढा किल्ला कशासाठी केला मग, सगळं सगळं बोलले. आता जीभ चांगली चालते!

हे खुर्चीवर चढून फडक्याने खाकी कागद पुसत होते. खाली न बघता म्हणाले,

"मोटारीची नेमप्लेट कधी भिंतीकडे असते का?"