प्रकरण लाभ

माझा प्रबंध पहिल्यांदा परत आला तो आकड्यांपायी. आतला मजकूर कुणी वाचलाही नव्हता. नगरच्या संशोधन केंद्रात खिडकीवर एक बाई बसतात. त्यांनी चार पानं उलटली, एक छापील चिठ्ठी टाचली आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. प्रकरणांचे आणि विभागांचे क्रमांक देवनागरीत हवेत, १.१, १.२ असे. परिशिष्टांना अ, ब, क, ड हवं. कडक बांधणीच्या पाच प्रती हव्यात, आणि त्या पुढच्या शुक्रवारी पाचच्या आत. दोनदा वाढवून मिळालेली ही शेवटची मुदत होती. ती हुकली की नोंदणी रद्द, म्हणजे सहा वर्षं पाण्यात.

ती सहा वर्षं मी शेवगावला अकरावी-बारावीच्या पोरांना गणित शिकवून उरलेल्या वेळात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांमागे फिरले होते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्याच्या तळावर गेलेलं मूल परत शाळेत येतं, तेव्हा त्याचं गणित नेमकं कुठे अडतं, हा माझा विषय.

मी घाबरट बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. गॅस बंद केलाय का ते बघायला मी स्टँडवरून घरी परत आलेली आहे. आणि घाबरले की मी चिडते, समोर जो सापडेल त्याच्यावर. हे सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्यातून झालं.

प्रबंध मी लेटेक नावाच्या प्रणालीत जुळवला होता. आम्हा गणितवाल्यांना तिची सवय असते. तिच्यात माउसने अक्षर मोठं कर, ठळक कर असं नसतं, सगळं हुकूम लिहून सांगायचं. विभागांचे क्रमांक ती स्वतः मोजते. मधला एखादा विभाग काढला की पुढचे आपोआप सरकतात, आणि मजकुरात कुठे ‘विभाग ३.२ पाहा’ म्हटलं असेल तर तेही सुधारतं. तो आकडा छापताना कसा दिसावा, एवढंच आपण सांगायचं. एवढंच! त्या एवढ्याशासाठी माझे चार दिवस गेले. मथळे देवनागरी झाले तर अनुक्रमणिका इंग्रजीत राहिली. ती सुधारली तर कोष्टकं रुसली. परिशिष्टांना मुळाक्षरं दिली तर अ, आ, इ आलं, आणि खिडकीला हवं होतं अ, ब, क, ड. शेवटी मी एक वेगळी छोटी फाईल केली आणि कुठला आकडा आला की त्याजागी काय छापायचं, हे तिच्यात हाताने लिहून काढलं. एक आला तर १. दोन आला तर २.

ती पहिली ओळ लिहिताना मला दादा आठवले आणि हसू आलं. दादा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात, त्या वेळी पलीकडच्या खोलीत रेडिओ ऐकत होते. दादा जन्मभर मापाडी होते. खळ्यावर आणि बाजारात पायलीने ज्वारी-बाजरी मोजून द्यायचे. आमच्याकडे मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. धान्याला बरकत यावी म्हणून. लाभ, मग दोन, मग तीन. पुढचं माप भरेपर्यंत आधीचा आकडा तोंडात घोळवत ठेवायचा, म्हणजे चुकत नाही. पुढे काटे आले, पोती आली, तरी दादांचा लाभ सुटला नाही. भाकरी मोजतानाही ते लाभ म्हणत. मी पहिलीत गेले तेव्हा गुरुजींनी उभं करून मोजायला लावलं आणि मी मोठ्या तोंडाने लाभ, दोन, तीन म्हटलं. अख्खा वर्ग हसला. घरी येऊन मी रडले, आणि दादा हसत म्हणाले की शाळंत एक म्हनत जा, घरी लाभ.

म्हणून बुधवारी मला लहर आली. दादांसाठी आपण एक खास प्रत काढावी, मोठ्या अक्षरांची, आणि तिच्यात एकाच्या जागी लाभ छापावा. त्या यादीत मी एक जादा ओळ घातली. एक आला तर लाभ. पडद्यावर ‘प्रकरण लाभ’ असा मथळा उमटला आणि मी एकटीच खुदकन हसले. छापायचं नंतर बघू म्हणून ठेवून दिलं.

या प्रणालीत एखादी ओळ नको असेल तर पुसावी लागत नाही. तिच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह टाकलं की ती ओळ झोपते. ती माझी लाभाची ओळ मला झोपवायची होती. गुरुवारी दुपारी परिशिष्टांमध्ये शेवटची दुरुस्ती केली, परिशिष्टांची पानं तीनतीनदा तपासली आणि फाईल नगरच्या बाइंडरकडे पाठवून दिली. सुरुवातीची पानं उघडलीच नाहीत. ती आधी बघून झाली होती ना!

शुक्रवारी सकाळी आम्ही मिरीमार्गे जाणारी एसटी पकडली. प्रती जड होतील, पिशवी मी धरतो, असं म्हणून दादाही निघाले. बाइंडरच्या दुकानात पोहोचलो तेव्हा दहा वाजत होते. पाचही गठ्ठे शिवून तयार होते, बाइंडर पुठ्ठ्यांना खळ लावायच्या तयारीत होता. मी जरा कुठे टेकले. दादांनी वरचा गठ्ठा उचलला, चष्मा लावला आणि पानं उलटू लागले. आणि मग त्यांनी माझ्याकडे असं काही बघितलं की मला कळेना काय झालं. डोळे भरून आले होते त्यांचे.

“पोरी,” ते म्हणाले, “पयल्या परकरनाला लाभ घातलास व्हय?”

गठ्ठा जवळजवळ हिसकावूनच घेतला त्यांच्या हातातून. प्रकरण लाभ. विभाग लाभ.लाभ. लाभ.२. पुढे दुसऱ्या प्रकरणात २.लाभ. कोष्टक लाभ.३. पहिल्या प्रकरणात तर प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाभ. पानांचे आकडे तेवढे त्यातून सुटले होते. त्या खिडकीने नुसत्या इंग्रजी आकड्यांपायी मला परत पाठवलं होतं. हे बघून काय केलं असतं?

बाइंडर भला माणूस. दोन वाजेपर्यंत सुधारलेली पानं आत घालून द्या, तो म्हणाला, मी परत शिवतो आणि दोन तास दाबात ठेवतो, कसंबसं जमेल. सगळा प्रबंध पाचदा नव्याने छापायला तेवढा वेळ नव्हता. लॅपटॉप पिशवीत होता. ओळ झोपवायला एक क्षण लागला. कुठली पानं बदलायची ते शोधताना मात्र माझा जीव टांगणीला लागला. लाभ हा शब्द शोधला तर सरकारी योजनांचे लाभार्थी पण हाताला लागायला लागले. त्यात लाभ ही दोन अक्षरं आणि १ हे एक, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात एक ओळ वर सरकली आणि तिथून त्या प्रकरणाची पुढची सगळी पानं हलली. शेवटी एका प्रतीची त्रेसष्ट पानं निघाली.

बाइंडरने दोरे कापले. मी छापून आलेली पानं आणून द्यायची आणि दादांनी गठ्ठ्यातलं जुनं पान काढून नवं घालायचं, असं चाललं होतं. त्यांचा हात कसा चालतो ते मला माहीत आहे, घाई नाही आणि चूक नाही. एक वाजून गेला होता. दुकानातल्या छपाईयंत्रात कागद अडकला, तो मी ओढून काढत होते, घामाने हात ओले झाले होते आणि मागून दादांचा आवाज येत होता. पाच प्रतींत पान गेलं की नाही ते मोजत होते, नेहमीसारखं घोळवत. लाभ, लाभ, लाभ, दोन, दोन...

“दादा, आता तरी एक म्हणा!” मी ओरडले. “तुमच्या त्या लाभापायीच माझं सगळं मातीत चाललंय.”

बाइंडरने मान खाली घातली. दादांनी हातातलं पान गठ्ठ्यात सरकवलं. ज्या माणसाने ते पान उघडलं नसतं तर तो प्रबंध तसाच खिडकीत गेला असता, त्याच्यावरच मी ओरडले होते. हे मला तेव्हाच कळलं होतं, पण माफी मागायला तोंड उघडेना. कागद निघाला आणि मी पुन्हा यंत्राकडे वळले. त्यानंतर दादा मोजत होते, पण आवाज आला नाही, फक्त ओठ हलत होते.

प्रती हातात आल्या तेव्हा सव्वाचार झाले होते. पुठ्ठे अजून दमट होते. रिक्षात मी सारखी घड्याळ बघत होते, दादा पिशवी मांडीवर घेऊन रस्त्याकडे बघत होते. खिडकीपाशी पोहोचलो तेव्हा पाचला बारा मिनिटं कमी होती.

बाईंनी एक प्रत घेतली. प्रकरणांचे मथळे बघितले, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं, परिशिष्ट अ, परिशिष्ट ब. मग त्यांनी प्रत परत दिली, नोंदवही पुढे केली आणि मला सही करायला सांगितली. दादांकडे बघून म्हणाल्या की आजोबा, तेवढ्या पाची प्रती मोजून ठेवा इथे.

मी सही करता करता थांबले. दादांनी पहिली प्रत दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवली.

“एक,” ते म्हणाले.

दोन. तीन. चार. पाच. स्पष्ट, शाळेतल्या पोरासारखं. माझ्या आठवणीत त्यांच्या तोंडून पहिल्या वस्तूला एक मी कधी ऐकलं नव्हतं. शिक्का पडला, पोचपावती मिळाली, सहा वर्षं वाचली. मला आनंद व्हायला हवा होता.

परतीच्या एसटीत त्यांना जागा मिळाली, थोड्या वेळाने शेजारची रिकामी झाली तिथे मी बसले. त्यांच्या पिशवीत काढून टाकलेली पानं होती, रद्दीत टाकू नका म्हणून त्यांनी बाइंडरकडून मागून घेतली होती. मी म्हटलं, दादा, माझं चुकलं. ओळ झोपवायला मीच विसरले, तुमचा काय दोष? खिडकीवर तुम्ही लाभ म्हणाला असतात तरी काही बिघडलं नसतं.

दादा खिडकीबाहेर बघत होते.

“तुझं काम अडलं असतं तर?” ते म्हणाले. “मला भ्याव वाटलं. तोंडाची सवय हाय, चुकून लाभ निघाला तर? म्हनून दुकानापासून खिडकीपतुर एक, एक, एक घोकत आलो.”

मी पोचपावतीची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मिरी मागे पडली तरी मला त्यांच्याकडे बघवेना.