जहाजावरचं जेवण आणि दोन पांढरे शर्ट

१२ डिसेंबर, शुक्रवार. जहाज दुसऱ्या दिवशी दुपारी सुटायचं होतं. ऑफिसातून आल्यावर चहा न घेताच मी इस्त्री तापायला लावली. खालचा इस्त्रीवाला कॉलरची टोकं नेहमी मुडपतो, त्यामुळे महत्त्वाचे कपडे मी त्याच्याकडे देत नाही. त्या दिवशी महत्त्वाचे कपडे म्हणजे दोन पांढरे शर्ट आणि एक काळी पँट. तिन्ही माझ्या थोरल्या मुलीचे. थोरली पंधरा वर्षांची, धाकटी आठची.

माझ्या नणंदेच्या लग्नाला पंचवीस वर्षं होत होती. हॉल घ्यायचा, दोनशे माणसं बोलवायची आणि आपण उपाशी राहायचं, यापेक्षा घरच्यांनी जहाजाने गोव्याला जाऊन यावं, असं तिच्या नवऱ्याने ठरवलं. ते दोघं आणि आम्ही चौघं. आमच्या सासूबाई पूर्वी बोटीने गावाला जायच्या. त्या बोटीत जेवायला काय नेसावं हा प्रश्न कोणाला पडत नसे. बोट लागू नये एवढंच मागणं असे. आम्हाला मात्र तिकिटांबरोबर एक यादी आली होती. रात्रीच्या जेवणाला हाफ पँट, बनियन, रबरी चपला चालणार नाहीत. पहिल्या रात्री फॉर्मल. बारा वर्षांच्या आतल्या मुलांनी नीटनेटके कपडे घालावेत, त्यावरच्यांना मोठ्यांचे नियम.

मी दादरच्या एका शाळेच्या ऑफिसात काम करते. याद्या काढणं आणि त्या पाळल्या जातात की नाही हे बघणं हे माझं रोजचं काम. वक्तृत्व स्पर्धेला मुलं जाणार असली की ‘फॉर्मलमध्ये यावे’ अशी नोटीस मीच टाइप करते, आणि दुसऱ्या दिवशी पोरं न चुकता पांढरा शर्ट, काळी पँट घालून येतात. कॉलेजात तोंडी परीक्षेला तेच, नोकरीच्या मुलाखतीला तेच. परळपासून माटुंग्यापर्यंत कोणालाही विचारा, हेच सांगतील. धाकटीसाठी मी वाढदिवसाचा जाळीचा फ्रॉक घेतला. थोरलीची पँट हिंदमाताहून आणली आणि शर्ट नायगावच्या शिंप्याकडून शिवून घेतले, वाढत्या अंगाचे. दोन रात्री, दोन शर्ट. पँट तीच.

थोरली दारात उभी राहून बघत होती.

“आई, जहाजावर फॉर्मल म्हणजे हे नसतं.”

“मग काय असतं?”

“पार्टीसारखं. लांब ड्रेस वगैरे. काहीतरी छान.”

“तिथे छान लिहिलंय? फॉर्मल लिहिलंय. लिस्ट मला वाचता येते.”

तिने मोबाइलवर एक फोटो दाखवला. हिरव्या ड्रेसमधली कोणी मुलगी, खांदे उघडे.

“समुद्रावर वारा असतो,” मी म्हटलं.

“जेवायची खोली आत असते, आई.”

“तरी.”

आमच्या घरात ‘तरी’ म्हटलं की विषय संपतो. ती आत गेली. मी शर्टांच्या घड्या घातल्या आणि बॅगेत सगळ्यात वर ठेवल्या.

तिचं या प्रवासात एक काम होतं. थोरली दहा वर्षांची होईपर्यंत शाळा सुटली की लालबागला आत्याकडे जायची. मी साडेसहाला घ्यायला जाईपर्यंत तिचं जेवण, अभ्यास, रडणं, पडणं सगळं आत्याने बघितलं. नणंदेला स्वतःचं मूल नाही. रविवारी रात्री केक कापताना थोरली आत्यावर चार शब्द बोलणार होती. कागद तिने महिनाभर आधी लिहून ठेवला होता आणि मला दाखवला नव्हता. आत्याला एवढंच कळलं होतं की पोरगी काहीतरी बोलणार आहे. आत्या त्या एका गोष्टीसाठी जहाजावर चढली होती म्हटलं तरी चालेल, कारण तिला स्वतःला पाण्याची भीती वाटते.

शनिवारी संध्याकाळी केबिनमध्ये मी थोरलीचे केस मागे घट्ट बांधले. सुटे केस जेवणात येतात. तिने आरशात बघितलं आणि माझ्या मागून निघाली.

जेवणाच्या हॉलमध्ये पाय ठेवला तेव्हाच मला कळायला हवं होतं. बायका झगमगीत गाऊनमध्ये, काही जरीच्या साड्यांत. पुरुष कोटात. थोरलीच्या वयाच्या मुली मखमलीच्या ड्रेसमध्ये, एक तर चक्क बंदगळा आणि स्पोर्ट्सच्या बुटांत होती आणि तिला शोभतही होतं. पांढरा शर्ट आणि काळी पँट घातलेली माणसं तिथे बरीच होती. ती सगळी वाढायचं काम करत होती. त्यातल्या मुलींचे केसही घट्ट मागे बांधलेले.

मी तेव्हा धाकटीच्या नॅपकिनची घडी मोडत होते आणि सूप कसलं आहे ते नवऱ्याला विचारत होते. त्यामुळे पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत दिसलं. थोरली हात धुऊन परत येत होती. आमच्या मागच्या टेबलावरच्या एका बाईंनी तिच्याकडे बघून बोट वर केलं.

“सुनो, इधर पानी देना. और एक दही.”

थोरली थांबली. बाजूच्या स्टँडवरचा जग तिने उचलला आणि त्या टेबलावरचे चारही ग्लास भरले. मग दही आणायला गेली. मला वाटलं, कोणाला मदत करतेय, चांगलं आहे. ती दह्याची वाटी घेऊन आली तेव्हा धाकटी जोरात म्हणाली, “ताई, मला पण पाणी. आणि मला पापड.”

मागच्या बाईंनी वळून बघितलं. आमचं टेबल बघितलं, थोरलीचं तोंड बघितलं आणि कपाळावर हात मारला.

“अरे बेटा, सॉरी. हमें लगा... सॉरी, सॉरी.”

बाई वाईट नव्हती. पण तिचं तिसरं सॉरी येईपर्यंत आजूबाजूची तीन टेबलं आमच्याकडे बघत होती. थोरली “कोई बात नहीं आंटी” म्हणाली आणि येऊन बसली. तिने सूप ढवळलं, पाव कुस्करला आणि दहा मिनिटांनी डोकं दुखतंय म्हणून केबिनकडे गेली.

“चेडवान कायच खाल्ल्यान नाय,” नणंद म्हणाली. पोरीसाठी तिच्या तोंडी गावाकडचं ‘चेडू’च येतं. तिला काय झालं ते कळलं होतं. “तू जा बघू तिच्याकडे. पण तिका काय बोलू नको.”

“मी कशाला बोलू?”

“बोलतस तू.”

मी दोन पोळ्या आणि भाजी एका डिशमध्ये घेऊन गेले. थोरली वरच्या बिछान्यावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. अंगात शाळेचा जुना टी-शर्ट. शर्ट आणि पँट खुर्चीवर व्यवस्थित घडी करून ठेवलेले. ते बघून मला बरं वाटलं नाही. तिने फेकून दिले असते तर मला ओरडता तरी आलं असतं.

मी सुरुवात चुकीच्या टोकाकडून केली.

“हे बघ, कुठलंही काम हलकं नसतं. त्या मुली मेहनत करतात.”

“आई, मला माहितीये.”

“मग एवढं काय मनाला लावून घ्यायचं?”

ती वळली. रडलेली नव्हती. “तुला माहितीये दही कसं मिळालं? मी आत काउंटरवर गेले. तिथे एक दीदी होती. ती म्हणाली, बॅज कुठाय तुझा, लवकर लाव, सुपरवायझर ओरडेल. नवीन आहेस का, म्हणाली. आणि स्वतः वाटी भरून दिली मला.”

“मग सांगायचं ना तिला, मी पॅसेंजर आहे म्हणून.”

“कसं सांगू? ती एवढं चांगलं बोलत होती. तिला कसं वाटलं असतं?”

मी डिश तिच्या हातात दिली. तिने एक घास खाल्ला.

“मी उद्या जेवायला येणार नाही.”

“उद्या आत्याचा केक आहे.”

“तू वाच. कागद देते मी तुला.”

“मी वाचून काय उपयोग? ते तू लिहिलंयस.”

“आई, उद्यासाठी तू दुसरा पांढरा शर्टच आणलायस. तो घालून मी तिथे उभी राहून बोलले तर लोकांना वाटेल, वेटर केकबद्दल अनाउन्समेंट करतेय.”

मला हसू आलं. तिला नाही आलं. मग ती शांतपणे म्हणाली, “मी तुला शुक्रवारी सांगितलं होतं. तू म्हणालीस, लिस्ट मला वाचता येते.”

तेवढ्यात दार वाजलं. नणंद होती, हातात कागदी रुमालात गुंडाळलेले दोन गुलाबजाम. आत येऊन तिने खुर्चीवरचे घडी केलेले कपडे उचलले आणि ते मांडीवर घेऊन बसली.

“काय गो, उद्या नाय येणार म्हणे?”

“तुला कोणी सांगितलं?”

“भिंती पातळ आहेत इथे. बाहेर सगळा ऐकू येता.” तिने गुलाबजाम पुढे केले. “नको येऊस. मीच इथे येईन. केक इथे कापू. तुझे काका तिथे बसतील एकटे.”

“आत्या, असं नको ना.”

“मग कसं?”

थोरलीने एक गुलाबजाम खाल्ला, दुसरा धाकटीसाठी ठेवला. नणंद जाताना मला बाहेर घेऊन गेली आणि म्हणाली, “तिका भूक लागली असा, एवढा बघ. बाकी सकाळी.” स्वतः मात्र कठड्याला घट्ट धरून हळूहळू चालत गेली. जहाज जरासंच हलत होतं.

बॅग उघडून मी सगळे कपडे बिछान्यावर काढले. थोरलीच्या तीन हाफ पँटी, चार टी-शर्ट, रात्रीचे कपडे आणि तो दुसरा पांढरा शर्ट. जेवणाच्या नियमात बसणारं दुसरं काहीच नव्हतं. पाच मिनिटांत बॅग भरते म्हणून मला घरात मान आहे. त्या बॅगेत एका पंधरा वर्षांच्या मुलीला स्वतःचं वाटेल असं एकही कापड मी भरलं नव्हतं. धाकटीचा फ्रॉक घेताना मी तिला तीन वेळा विचारलं होतं, कुठला रंग, बाह्या टोचतात का, फिरताना घेर चांगला पसरतो का. थोरलीला काहीच विचारलं नाही. ती मोठी झाली म्हणून तिला यादी लावली, आणि आपलं आपण ठरवावं एवढी मोठी झालीय हे मात्र धरलं नाही.

रविवारी सकाळी जहाज गोव्याला लागलं. नणंदेच्या सासरची देवी तिथली. पंचविसावं वर्ष म्हणून दर्शनाला जायचं आधीच ठरलं होतं आणि मोठी गाडी सांगितली होती. ओटीचं सामान माझ्या पिशवीत होतं. ते मी नणंदेच्या हातात दिलं.

“ताई, तुम्ही या जाऊन. धाकटीला न्या. मी हिला घेऊन बाजारात जाते.”

नवरा म्हणाला, “आज? देवीला आलोय आपण.”

“देवीक मी सांगतंय,” नणंद म्हणाली, “चेडवाक कापडां घेऊक गेली म्हणान. बाईच ती, तिका कळात.” आणि गाडीत बसली.

आम्ही दोघी रिक्षाने वास्कोच्या बाजारात गेलो. अर्धी दुकानं रविवार म्हणून बंद होती. पहिल्या दुकानात मी आत शिरून एका निळ्या ड्रेसला हात लावला आणि थोरलीने माझ्याकडे फक्त बघितलं. मी हात मागे घेतला. दुसऱ्या दुकानापाशी मी बाहेर पायरीवरच बसले. “पाकीट हे घे. मी इथे आहे. चार वाजता जहाजावर परत असायला हवं, एवढंच लक्षात ठेव.”

अर्धा तास गेला. दुकानदाराने मला स्टूल आणून दिलं. मी दोनदा उठले, दोनदा बसले. काचेतून आत बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते बरंचसं पाळलं.

ती बाहेर आली तेव्हा अंगात एक सैल, गडद निळा शर्ट होता. त्यावर मोठी पिवळी पानं. बटणं लाकडाची. खाली सकाळपासून घातलेली तीच काळी पँट. केस मोकळे. ड्रेस नव्हता, हिरवा नव्हता, मखमल नव्हती. मी जन्मात घेतला नसता असा शर्ट होता.

“ड्रेस नाही घेतलास?”

“बघितले. बोलताना सारखा ओढत बसले असते. पँट चांगली आहे गं आई, मापात आहे. फक्त शर्टच चुकला होता.”

मला शर्टाच्या खांद्याची शिवण जरा खाली उतरलेली दिसत होती. ती तशीच असते की चुकलीय, हे मी विचारलं नाही.

“रात्री जेवायला आपला नंबर किती वाजता?” तिने विचारलं.

“आठ.”

“मग सहा वाजता मी कागद वाचते, तू एकदा ऐक. घड्याळ लावून. आत्या रडायला लागली तर कुठे थांबायचं ते बघायचंय.”

मी हो म्हटलं आणि रिक्षाला हात केला.